खाऱ्या हवेतला जुना रिसीव्हर: दुरुस्ती आधी, अलाइनमेंट शेवटी

जुना शॉर्टवेव्ह रिसीव्हर घरी आला की पहिला मोह होतो तो लगेच सुरू करून पाहण्याचा, आणि आवाज क्षीण निघाला की दुसरा मोह होतो स्क्रू ड्रायव्हर घेऊन ट्रिमर, म्हणजे जुळणीचे छोटे कंडेन्सर, फिरवण्याचा. हे दोन्ही मोह आवरले तर निम्मे काम झाले असे मी समजतो. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत, समुद्रापासून मैल-दोन मैलांच्या आत जो संच वीस-तीस वर्षे माळ्यावर किंवा पडवीच्या कोपऱ्यात पडून राहिला आहे, त्याची अलाइनमेंट, म्हणजे आतल्या कॉइल आणि ट्रिमरची जुळणी, बिघडलेली असण्यापेक्षा तो ओलावलेला असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. ओल, मीठ आणि गळके कंडेन्सर यांचा बंदोबस्त झाला की असे बरेच संच ट्रिमरला हात न लावताही बोलू लागतात.

हे मी स्वतःच्या चुकीवरून शिकलो. एका श्रावणात, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी बीसी-३४८ या एका जुन्या लष्करी रिसीव्हरची आय.एफ. (आलेला प्रत्येक सिग्नल संचात ज्या एका ठरावीक मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणला जातो ती) मन लावून जुळवली आणि संच उत्तम ऐकू येऊ लागला म्हणून समाधानाने कपाटात ठेवला. माघात तो पुन्हा लावला तेव्हा आवाज निम्म्यावर आला होता आणि डायलवरचा आकडा व प्रत्यक्ष स्टेशन यांचा मेळ राहिला नव्हता. संचात काहीही बिघडले नव्हते. मी ओल्या कॉइल जुळवल्या होत्या आणि मधल्या काळात त्या सुकल्या होत्या, एवढेच. दुसऱ्यांदा जुळवताना घाईत एका कॉइलचा अडकलेला स्लग, म्हणजे जुळणीसाठी फिरवायचा गाभा, जोर लावून फिरवला, तो आतल्या आत चिरला आणि ती आय.एफ. कॉइलची डबी मला कायमची गमवावी लागली.

आपल्याकडच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या, मंडळींच्या हाती जे जुने रिसीव्हर लागतात, त्यांतले बरेचसे दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी साठ्यातून भंगारात निघालेले असतात. अमेरिकी विमानांतला बीसी-३४८, ब्रिटिश हवाई दलाचा आर-११५५ आणि आरसीए कंपनीचा एआर-८८ ही त्यांतली ठळक नावे होत. बाहेरून सगळे काळे-करडे पेटारेच दिसतात, परंतु बीसी-३४८ ची आय.एफ. ९१५ किलोहर्ट्झ, आर-११५५ ची ५६० आणि एआर-८८ च्या डी प्रकाराची ४५५ किलोहर्ट्झ आहे. एकाचा आकडा दुसऱ्याला लावून बसल्यास दिवस फुकट जातो. तिन्ही संचांची माहितीपुस्तके आज इंटरनेटवर मिळतात. आकृती छापून समोर ठेवल्याखेरीज झाकण उघडू नये. बीसी-३४८ मुळात विमानातल्या २८ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालत असे, त्यामुळे मधल्या कुणा मालकाने तो २३० व्होल्टवर आणताना कोणत्या तारा तोडल्या आणि कोणत्या जोडल्या हे आकृतीशी ताडून पाहणे फार महत्त्वाचे असते.

सुकवणे आणि धुणे

सुकवण्यासाठी महागडे काही लागत नाही. जाळीचे जुने फडताळ किंवा प्लायवूडची पेटी घ्यावी, तिच्या तळाशी ४० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावावा, वरच्या बाजूला हवा निघायला फट ठेवावी आणि झाकण काढलेला संच त्यात बल्बपासून वीतभर अंतरावर आठ-दहा दिवस ठेवावा. आतली ऊब हाताला सुखद वाटेल इतकीच, म्हणजे ४० ते ४५ अंश सेल्सिअस असावी, कारण कॉइलवरचे आणि कागदी कंडेन्सरवरचे मेण याहून फार वर टिकत नाही. ज्या वैशाखी उन्हात आमसुले वाळतात त्या उन्हात संच ठेवण्याचा सल्ला काहीजण देतात. तो मानू नये, कारण मेण वितळते आणि डायलची सेल्युलॉइडची पट्टी वाकते. शक्य असेल तर सगळे काम पौष-माघात धरावे. त्या दिवसांत उत्तरेचा कोरडा वारा असतो आणि सुकलेला संच लगेच पुन्हा ओल धरत नाही.

सुकल्यावर मऊ ब्रशने धूळ काढावी. आमच्या भागातल्या संचांत धुळीबरोबर इतरही रहिवासी निघतात. ट्रान्सफॉर्मरला चिकटून वाळलेली पाल नेहमीचीच, लाकडी कॅबिनेट असेल तर वाळवी, आणि आय.एफ.च्या डबीला स्लगसाठी ठेवलेल्या भोकात कुंभारमाशीचे मातीचे घर. हे घर ओले करून खरवडू नये, कारण चिखल आत कॉइलवर उतरतो. ते पूर्ण कोरडे असताना टोकदार काडीने कण कण करून फोडावे आणि प्रत्येक वेळी संच उलटा धरून माती बाहेर पाडावी.

मिठाचे काम वेगळे आहे. बहुतेक जण आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवतात आणि चेसिस चकचकीत झाली म्हणून खूश होतात, पण मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने चेसिस, व्हॉल्व्हचे सॉकेट आणि टॅगबोर्ड पुसावेत, त्यानंतर पाणी हाकलण्यासाठी अल्कोहोल फिरवावे आणि संच पुन्हा दोन दिवस पेटीत ठेवावा. पितळेवर चढलेला हिरवा कळंक पाहून आपल्याला स्वयंपाकघरातली चिंच किंवा कोकम आठवते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना ते ठीक असले तरी रेडिओत त्याचे आम्ल फटींत शिरून राहते आणि महिन्याभरात कळंक दुपटीने परत येतो. एका संचाच्या बँड स्विचला पूर्वीच्या मेकॅनिकने खोबरेल तेल लावलेले मी पाहिले आहे. त्याचा चिकट पिवळा थर काढायला दोन रविवार गेले. स्विचच्या प्रत्येक संपर्कावर काडीच्या टोकाने कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच थेंब द्यावा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवावा. वेफरवर, म्हणजे स्विचच्या चकतीवर, सरसकट फवारा मारू नये, कारण बेकेलाइट तेल पिते.

सर्वांत अधिक वेळ मात्र डायलबरोबर फिरणाऱ्या गँग कंडेन्सरला द्यावा. गँगच्या फिरत्या पाकळ्यांना चेसिसशी जोडणारी फॉस्फर ब्राँझची छोटी चिमट्यासारखी स्प्रिंग प्रत्येक विभागात दांड्यावर टेकलेली असते. समुद्रकाठच्या संचांत ही स्प्रिंग जिथे दांड्याला स्पर्श करते, नेमक्या त्याच रेघेवर काळा-हिरवा थर बसतो. बाहेरून पाकळ्या स्वच्छ दिसतात, परंतु डायल फिरवताना कर्रकर्र होते, स्टेशन मध्येच उडी मारते आणि टेबलावर हात आपटला की परत जागेवर येते. असा संच अलाइनमेंटला घेतला तर ट्रिमर दहा वेळा जुळवला तरी दहा वेळा वेगळा येतो. भिंग लावून, पातळ कडक कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून ती स्प्रिंग आणि दांडा यांच्यामधून ओढावी, आणि पट्टीवर काळे उमटणे थांबेपर्यंत नवी पट्टी घेत राहावे. पॉलिश पेपर वापरू नये. पाकळ्या वाकवू नयेत, दोन पाकळ्या टेकत असतील तरच टेकणारी तेवढी पाकळी प्लास्टिकच्या पट्टीने सरळ करावी.

वीज देण्यापूर्वी

पुढचा भाग धोक्याचा आहे. या संचांत २५० ते ३५० व्होल्टचा डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कंडेन्सरमध्ये काही काळ टिकतो. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड तार आणि क्लिप लावून ठेवावी, प्रत्येक वेळी आत हात घालण्यापूर्वी तिने कंडेन्सर रिकामा करावा आणि मीटरने खात्री करून घ्यावी. एक हात पाठीमागे ठेवण्याची जुन्या मेकॅनिकांची सवय लावून घ्यावी. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून हे काम करूच नये. ज्या घरगुती संचांना मेन ट्रान्सफॉर्मरच नसतो त्यांची चेसिस थेट लाइनला जोडलेली असू शकते, ते संच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय उघडू नयेत.

मेण लावलेले सर्व कागदी कंडेन्सर आणि सर्व इलेक्ट्रोलिटिक बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. काही शौकीन मंडळी जुने इलेक्ट्रोलिटिक हळूहळू दाब वाढवून पुन्हा तयार करतात. कोरड्या मुलखात ते चालतही असेल, किनाऱ्यावर मात्र मी तो भरवसा ठेवत नाही. कागदी कंडेन्सरच्या जागी तेवढ्याच मूल्याचे ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर कंडेन्सर बसवावेत. फिल्टर कंडेन्सरचे मूल्य मात्र मुळापेक्षा फारसे वाढवू नये, नाहीतर सुरुवातीच्या झटक्याने ५वाय३ सारख्या रेक्टिफायर व्हॉल्व्हवर ताण येतो. मेनपासून चेसिसला गेलेला कंडेन्सर असेल तर तिथे वाय-२ या सुरक्षा वर्गाचाच लावावा. माइका कंडेन्सर सहसा टिकतात, त्यांना विनाकारण हात लावू नये.

एक कंडेन्सर मात्र सगळ्यांच्या आधी बदलायचा असतो. ऑडिओ व्हॉल्व्हच्या प्लेटपासून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा हा कपलिंग कंडेन्सर थोडासा जरी गळू लागला तरी ग्रिडवर धन दाब येतो, व्हॉल्व्ह भरमसाट प्रवाह ओढतो आणि त्याच्याबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. संच सुरू झाल्यावर त्या ग्रिडवर मीटर लावून पाहावा. शून्य किंवा किंचित ऋण दाब दिसायला हवा. अर्धा व्होल्ट जरी धन दिसला तरी संच तत्काळ बंद करावा.

कार्बनचे जुने रेझिस्टर दमट हवेत वरच्या बाजूला सरकतात, १०० किलोओहमचा रेझिस्टर १५० दाखवणे यात नवल नाही. ते संच सुकल्यानंतरच आणि एक टोक सोडवून मोजावेत, कारण सुकल्यावर काही थोडे खाली येतात. २० टक्क्यांहून अधिक चुकलेला असेल तर बदलावा. लागणाऱ्या वस्तू मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकदम यादी करून मागवणे सोयीचे पडते.

पहिल्यांदा वीज देताना संचाच्या वाटेत १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडावा. सुरुवातीला रेक्टिफायर व्हॉल्व्ह काढून ठेवावा, म्हणजे फक्त ट्रान्सफॉर्मर आणि फिलामेंट तपासले जातात. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मग रेक्टिफायर बसवून पुन्हा पाहावे आणि सर्व ठीक असेल तरच बल्ब काढून थेट पुरवठा द्यावा. आपल्याकडे रात्री उशिरा लाइनचा दाब २४० च्या वर जातो. ट्रान्सफॉर्मरला वरचा टॅप असेल तर तोच वापरावा. यानंतर आकृतीत दिलेले दाब एकेका व्हॉल्व्हवर मोजून वहीत लिहावेत. व्हॉल्व्ह सरसकट बदलण्याची गरज नसते. मात्र त्यांच्या पिना साफ कराव्यात आणि कोणता व्हॉल्व्ह कोणत्या सॉकेटमधला हे लिहून ठेवावे.

अलाइनमेंट

संच तासभर तापू द्यावा. सिग्नल जनरेटर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीचा सिग्नल देणारे यंत्र) साधा चालतो, आजकालचे छोटे डिजिटल जनरेटर तर जुन्या जनरेटरपेक्षा फ्रिक्वेन्सीला अधिक पक्के असतात. ट्रिमर फिरवण्यासाठी धातूचा स्क्रू ड्रायव्हर नको, त्याच्या जवळ असण्यानेच जुळणी बदलते. मी चिव्याची (बारीक बांबूची) वाळलेली काडी तासून तिला धार करतो, विणकामाची प्लास्टिकची सुईही चालते. हात लावण्याआधी प्रत्येक ट्रिमरच्या आणि स्लगच्या मूळ स्थितीवर नेलपॉलिशची रेघ ओढावी आणि फोटो काढून ठेवावा. स्लग हलत नसेल तर हेअर ड्रायरने डबी किंचित कोमट करावी, जोर लावू नये.

आय.एफ.ने सुरुवात होते. लोकल ऑसिलेटर, म्हणजे आय.एफ. मिळवण्यासाठी संचातच सिग्नल निर्माण करणारा भाग, बंद पाडण्यासाठी त्याच्या गँग विभागावर ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आडवा लावावा. जनरेटरवरून आय.एफ.चा मॉड्युलेटेड सिग्नल ०.०१ मायक्रोफॅरडमधून मिक्सरच्या, म्हणजे हे सिग्नल मिसळणाऱ्या व्हॉल्व्हच्या, ग्रिडला द्यावा आणि डिजिटल मीटर ए.व्ही.सी.च्या (आवाज आपोआप समान राखणाऱ्या) लाइनवर ठेवावा. शेवटच्या डबीपासून सुरू करून एकेक डबी मागे येत मीटरचा आकडा सर्वाधिक करावा. जुळणी सुधारत जाईल तसा जनरेटरचा सिग्नल कमी करत राहावे, मीटर कसाबसा हलेल इतकाच तो असावा. सिग्नल जोरदार असेल तर ए.व्ही.सी. सगळे सपाट करते आणि शिखर नेमके कुठे आहे ते कळतच नाही. नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते.

बीसी-३४८ आणि एआर-८८ या दोहोंत क्रिस्टल फिल्टर, म्हणजे अगदी अरुंद पट्टीच पुढे सोडणारी चाळणी, आहे, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा क्रिस्टलचे म्हणणे मोठे मानावे. क्रिस्टल मध्ये घेऊन जनरेटर अगदी सावकाश, शंभर-शंभर हर्ट्झने सरकवावा. एका ठिकाणी मीटर एकदम उसळी घेतो, ती त्या क्रिस्टलची खरी फ्रिक्वेन्सी होय. ४५५ च्या ऐवजी ती ४५४.६ आली तर पूर्ण आय.एफ. ४५४.६ वरच जुळवावी. ते झाल्यावर क्रिस्टल बाहेर काढून, मॉड्युलेशन बंद करून बी.एफ.ओ. (सिग्नलशी मिसळून शिट्टी उमटवणारा ऑसिलेटर) चालू करावा आणि त्याचा नॉब मध्यावर असताना शिट्टी शून्यावर येईल असा त्याचा ट्रिमर लावावा.

आता ऑसिलेटर आणि आर.एफ., म्हणजे अँटेनाकडचा भाग. ऑसिलेटरवर लावलेला कंडेन्सर आधी काढावा. तो विसरल्याने संच मुका झालेला मी एकदा दुपारभर शोधत बसलो होतो. जनरेटर अँटेनाच्या टोकाला शॉर्टवेव्हवर ४०० ओहममधून आणि मध्यम लहरीवर २०० पिकोफॅरडमधून जोडावा. समजा पट्टी ५ ते १० मेगाहर्ट्झची आहे. डायल आणि जनरेटर दोन्ही ५.२ वर ठेवून ऑसिलेटरची कॉइल किंवा पॅडर (खालचे टोक जुळवणारा कंडेन्सर) असा फिरवावा की सिग्नल डायलच्या आकड्यावर येईल, त्यानंतर दोन्ही ९.६ वर नेऊन ऑसिलेटरचा ट्रिमर लावावा. एक टोक जुळवले की दुसरे थोडे हलते, म्हणून हा फेरा चार-पाच वेळा करावा लागतो. डायल दोन्ही टोकांना खरी झाल्यावर त्याच दोन बिंदूंवर मिक्सर आणि आर.एफ.च्या कॉइल व ट्रिमर केवळ जास्तीत जास्त आवाजासाठी लावावेत. खालच्या टोकाला हे करताना डायल किंचित मागेपुढे झुलवत राहिल्यास नेमके शिखर हाती लागते.

वरच्या पट्ट्यांवर ट्रिमर फिरवताना सिग्नल दोनदा सापडतो, आणि चुकीच्या शिखरावर थांबलो तर डायल बरोबर दिसूनही संच बहिरा राहतो. याचे कारण इमेज. आय.एफ. ४५५ असताना आणि ऑसिलेटर सिग्नलच्या वर चालत असताना डायल १४.२ मेगाहर्ट्झवर असेल, तर १५.११ मेगाहर्ट्झवरचा सिग्नलही त्याच आय.एफ.वर येतो, आणि तिथे १९ मीटरच्या ब्रॉडकास्ट पट्टीतली जोरदार स्टेशने बसलेली असतात. हॅमच्या २० मीटर पट्टीत मध्येच कुणी विदेशी भाषेत बातम्या देऊ लागला तर आर.एफ.ची जुळणी ढिली आहे असे समजावे. ऑसिलेटर वर चालणाऱ्या संचांत दोन शिखरांपैकी ट्रिमर अधिक उघडा, म्हणजे कमी कपॅसिटीचा असताना येणारे शिखर खरे. खात्रीसाठी डायल न हलवता जनरेटर ९१० किलोहर्ट्झने वर न्यावा. तिथे सिग्नल क्षीण ऐकू आला तर जुळणी बरोबर आहे, तिथे काहीच न येता तेवढाच खाली नेल्यावर ऐकू आला तर दुसरे शिखर धरले गेले आहे. बीसी-३४८ ची आय.एफ. मोठी असल्याने त्याची इमेज १.८३ मेगाहर्ट्झ दूर पडते आणि हा त्रास बराच कमी होतो. उंच पट्ट्यांवर मला तो संच आवडण्याचे हे एक कारण आहे.

शेवटी डायल खऱ्या स्टेशनवर ताडून पाहावी. संध्याकाळी १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम या कालसंकेत केंद्राचे टिकटिक ऐकू आल्यास बी.एफ.ओ.ने शून्य बीट करून जनरेटरही तपासून घेता येतो. एआर-८८ मध्ये मध्यम लहर आहे, तिथे दिवसा मुंबई आकाशवाणीची १०४४ किलोहर्ट्झ ही चांगली खूण आहे, कारण समुद्राचे खारे पाणी जमिनीलगतच्या लहरीला जमिनीपेक्षा फार दूर वाहून नेते. जो खारेपणा संच खातो तोच हे स्टेशन किनाऱ्यावर आणून सोडतो. एसएसबी, म्हणजे हॅम मंडळी बोलण्यासाठी वापरतात तो प्रकार, ऐकताना ए.व्ही.सी. बंद करावी, ऑडिओ पूर्ण वाढवावा, आर.एफ. गेन बराच कमी ठेवावा आणि बी.एफ.ओ. हळूहळू फिरवून आवाज माणसाचा करावा. सकाळी ७ मेगाहर्ट्झच्या पट्टीत देशातल्या हॅम मंडळींची बोलणी सुरू असतात, तिथेच जुळणीची खरी परीक्षा होते.

दोन माडांमध्ये ताणलेली अँटेना वाऱ्यात तुटते. एका टोकाला कप्पी आणि तिच्यावरून लोंबते वजन लावावे. इन्सुलेटरवरचा मिठाचा थर दवाने ओला झाला की संध्याकाळी चरचर वाढते, म्हणून महिन्यातून एकदा ते गोड्या पाण्याने धुवावेत. वैशाखात आणि हस्ताच्या पावसात ढग दिसताच अँटेनाची तार संचापासून सोडवून घराबाहेरच अर्थिंगला जोडून ठेवावी.

जुळणी पुरी झाल्यावर ट्रिमरवर नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्यावा, सर्व दाब आणि फ्रिक्वेन्सी लिहिलेला कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा आणि त्यावर तारीख व महिना लिहावा. मृग लागण्यापूर्वी संचाच्या आत निळ्या सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी. दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर निळे करून परत ठेवावेत. पावसाळ्यात संच कपड्यात गुंडाळून कपाटात टाकण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा तास-दोन तास चालू ठेवावा, व्हॉल्व्हच्या उष्णतेने तो आतून कोरडा राहतो. आवाज थोडा पडला किंवा डायल पाच-दहा किलोहर्ट्झ सरकली तर ते टिपून ठेवावे आणि काडीला हात लावण्याआधी माघापर्यंत थांबावे.